जोलिबाकाठचा शिक्षक : केइता फोदेबा

स्मरणिकेत चरित्रलेख येतो तो बहुधा ज्यांच्या प्रतिमेस आपण पुष्पहार घालतो अशा व्यक्तीचा. केइता फोदेबा यांचे चरित्र त्या जातीचे नाही. पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाचे हे शिक्षक, कवी आणि नाट्यप्रयोगकर्ते. आपल्या लोकांच्या मुखी असलेल्या महाकथा आणि नृत्यगीते त्यांनी जगाच्या रंगमंचावर आणली. आणि त्याच माणसाने पुढे सत्तेच्या खुर्चीवर बसून जे केले ते मुलांना सांगताना शिक्षकाची पंचाईत होते. तरीही याच माणसाचे चरित्र आम्ही निवडले. त्याचे एक कारण असे की, या आयुष्याची सुरुवात एका निवासी शाळेतील नाटकाच्या तालमींपासून होते, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात तोंडाला रंग फासून कधी ना कधी उभे राहिलेले आहे.

फोदेबा यांचा जन्म 1921 साली वरच्या गिनीतील सिगिरी या गावी झाला. त्या वेळी हा सारा मुलूख फ्रान्सच्या ताब्यात होता. सिगिरी नायजर नदीच्या काठी आहे. तेथील मांदे लोक नदीला जोलिबा म्हणतात. केइता हे कुळाचे नाव, आणि त्या प्रदेशात ते साधे नाव नव्हे. तेराव्या शतकात माली साम्राज्याचा पाया घालणारा सुंजाता याच केइता कुळाचा मूळपुरुष मानला जातो. सिगिरीच्याच परिसरात नियागासोला नावाचे गाव आहे. तेथे एक प्राचीन बालाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचे आणि खाली भोपळे बांधलेले वाद्य, पिढ्यान्पिढ्या जपून ठेवले आहे. सुंजाताचा शत्रू सुमाओरो याचेच हे वाद्य, अशी तेथील लोकांची श्रद्धा. 2001 साली युनेस्कोने या वाद्याभोवतीच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले. ज्या मुलाच्या घराच्या आसपास महाकथा अशी जिवंत वावरत होती, त्याला ती पुस्तकातून शिकावी लागली नसणार.

ही कथा आमच्या वाचकांना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. मांदेच्या राजाला एका पारध्याने भाकीत सांगितले, की कुरूप आणि कुबड असलेल्या स्त्रीपासून तुला थोर पुत्र होईल. राजाने सोगोलोनशी विवाह केला. तिला मुलगा झाला खरा, पण त्याला पायांवर उभेच राहता येईना. सात वर्षांचा झाला तरी तो जमिनीवर सरपटत असे, आणि राजाची पहिली राणी सोगोलोनला टोमणे मारी. एकदा भाजीसाठी बाओबाब वृक्षाची थोडी पाने मागितली म्हणून तिने सोगोलोनचा असा अपमान केला, की ती रडत घरी आली. त्या दिवशी मुलाने लोहाराकडून लोखंडी कांब मागवली, तिच्यावर भार देऊन तो उठला, कांब धनुष्यासारखी वाकली आणि तो चालू लागला. त्याने बाओबाबची चार पाने आणली नाहीत, अख्खा वृक्षच उपटून आईच्या दारात आणून उभा केला. पुढे सावत्र आईच्या दुष्टाव्यामुळे वनवास, परमुलखात वाढणे, सोसोचा राजा सुमाओरो याने मांदे जिंकल्यावर लोकांनी त्याला शोधत जाणे, आणि 1235 च्या सुमारास किरिनाच्या रणात सुमाओरोचा पराभव, असा या कथेचा विस्तार आहे. आमच्या अनुभवास असे येते, की मुलांना लढाईपेक्षा तो उभा राहण्याचा प्रसंग अधिक कळतो.

ही कथा सांगण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. जेली, ज्यांना फ्रेंच लोक ग्रिओ म्हणतात, त्या जन्मजात गायक-कथेकऱ्यांचे ते काम. त्यांतही केइतांचे जेली ते कुयाते, कारण सुंजाताचा जेली बाला फासेके हा कुयात्यांचा पूर्वज. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालीच्या दरबारात आला तेव्हा पिसांचा वेष आणि चोच असलेला लाकडी मुखवटा चढवून राजासमोर त्याच्या पूर्वजांची सत्कृत्ये सांगणारे कवी त्याने पाहिले. परक्या विद्वानाला तो प्रकार हास्यास्पद वाटला. आम्हांस मात्र त्यात रंगभूमीच दिसते : वेष आहे, पात्र आहे, प्रेक्षक आहे, आणि सिंहासनावरच्या माणसाला तुझे पूर्वज असे होते, तू कसा आहेस, असे विचारण्याची सोय आहे.

मांदे समाजात जेली, लोहार आणि चर्मकार यांचे मिळून न्यामाकाला नावाचे वर्ग. धंदा जन्माने ठरणार, विवाह आपसांतच होणार. आपल्याकडील जातिव्यवस्थेशी याची सरसकट बरोबरी करणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. तेथे लोहाराच्या विद्येचा धाक राजालाही वाटे आणि जेली राजाला तोंडावर बोलू शके. पण सेनेगालच्या काही भागांत ग्रिओचे प्रेत जमिनीत पुरल्यास जमीन विटाळेल म्हणून ते बाओबाबच्या पोकळ बुंध्यात ठेवीत असत, हे वाचल्यावर आमच्या वाचकांस वेगळे स्पष्टीकरण नको. तात्पर्य एवढेच, की केइता कुळातील मुलाने गाणे-नाचणे हे रूढीला धरून नव्हते. ज्याची स्तुती व्हायची तोच गायला बसला, तर रूढीच्या दृष्टीने सगळेच उलटेपालटे होते.

फोदेबा ज्या शाळेत घडले ती विल्यम पोंती अध्यापक विद्यालय. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेच्या सर्व वसाहतींतून निवडक मुले स्पर्धा-परीक्षेने येथे येत, वसतिगृहात राहत आणि शिक्षक, कारकून किंवा वैद्यकीय सहायक होऊन बाहेर पडत. शाळा प्रथम सेंट लुई येथे, मग गोरे बेटावर आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून डाकारजवळ सेबिकोतान येथे होती. स्वतंत्र आफ्रिकेचे कित्येक मंत्री आणि राष्ट्रप्रमुख या शाळेचे माजी विद्यार्थी. सरकारचा हेतू आज्ञाधारक नोकर घडवण्याचा होता. तथापि याच शाळेत एक असा उपक्रम सुरू झाला, की ज्याची फळे सरकारला पुढे पचली नाहीत. सुटीत घरी जाताना विद्यार्थ्यांना काम दिले जाई : आपल्या गावच्या चालीरीती, दंतकथा, लग्नविधी, जुन्या राजांच्या हकीकती वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणा. त्या वह्यांचा मोठा संग्रह पुढे डाकारच्या संशोधन संस्थेत जतन झाला. शार्ल बेआर या अध्यापकाच्या प्रोत्साहनाने या सामग्रीतून एकेका वसाहतीच्या विद्यार्थ्यांचे गट नाटके रचू लागले. संवाद फ्रेंचमध्ये, गाणी मात्र आपापल्या भाषेत. गिनीच्या मुलांनी सामोरी तुरे आणि फ्रेंच कप्तान पेरोझ यांच्या भेटीवर नाटक केले, दाहोमेच्या मुलांनी राजा बेहांझिनवर. 1937 साली या मुलांचा संच पॅरिसला जाऊन शांझेलिझे नाट्यगृहात प्रयोग करून आला.

या नाटकांकडे टीकाकार दोन दृष्टींनी पाहतात. कोणी म्हणतात, की वसाहतवाद्यांनी आपल्या सोयीचा, गोंडस आफ्रिकन माणूस रंगमंचावर उभा केला. कोणी म्हणतात, की आजीच्या तोंडची गोष्ट वहीत लिहिण्याजोगी आहे हे त्या मुलांना येथेच प्रथम कळले. आमचा कौल दुसऱ्या बाजूला अधिक झुकतो. ज्याने एकदा आपल्या गावची कथा वहीत उतरवून मग ती अंगाने आणि आवाजाने साकारली, तो ती कोणाच्या सोयीने विसरत नाही. फोदेबा 1940 च्या दशकाच्या प्रारंभी येथे शिकले, तेव्हा ही परंपरा शाळेत मुरलेली होती.

पोंतीतून बाहेर पडल्यावर त्यांनी सेनेगालमध्ये शिक्षकाची नोकरी केली. नंतर कायद्याच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथे कायदा मागे पडला आणि संगीत पुढे आले. 1948 च्या सुमारास त्यांनी एक वाद्यवृंद काढला. गिटारवादक कांते फासेली यांच्या साथीने ते आपल्या कविता म्हणू लागले. 1950 साली त्यांचा आफ्रिकन कवितांचा संग्रह पॅरिसमध्ये निघाला. या कविता डोळ्यांनी वाचायच्या नाहीत. कोठे गिटार वाजेल, कोठे कोरा, कोठे बालाफोन, कोठे आवाज खाली येईल, याच्या सूचना ओळींच्या मध्येमध्ये आहेत. जेली जसा वाद्याच्या आधाराने सांगतो आणि मध्येच गातो, तीच ही घडण. फरक इतकाच, की हा जेली जन्माने जेली नव्हता, आणि त्याच्या कथेचा नायक राजा नव्हता.

त्यांच्या ‘आफ्रिकेची पहाट’ या काव्यनाट्यातला नायक नामान हा जोलिबाकाठचा तरुण शेतकरी आहे. युद्धासाठी गावाने एक माणूस द्यावा असा सरकारी हुकूम येतो. वडीलधारी मंडळी विचार करून नामानला निवडतात, कारण गावात त्याच्याइतका चांगला दुसरा कोणी नाही. तो जातो. त्याची बायको कादिया वाट पाहते. नामान युरोपातल्या रणांगणांतून जिवंत वाचतो, आणि परत आल्यावर आपल्याच मातीवर, डाकारजवळच्या त्यारॉय येथे, ज्यांच्यासाठी लढला त्यांच्याच गोळीने मरतो.

त्यारॉयची घटना कल्पित नाही. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकन सैनिकांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा 1 डिसेंबर 1944 रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारने 35 मृत्यू सांगितले. प्रत्यक्षात मेलेल्यांची संख्या कितीतरी अधिक होती असे अनेक इतिहासकार मानतात. त्या काळी या विषयावर उघड लिहिणे सोपे नव्हते. फोदेबा यांनी तो प्रसंग सुंजाताच्या कथेच्या साच्यात ओतला : गाव, निवड, प्रस्थान, परमुलूख, परतणे. फक्त महाकथेतला नायक परतून राजा होतो आणि हा परतून प्रेत होतो. ऐकणाऱ्या मांदे माणसाच्या मनात जुनी कथा आपोआप जागी होत असणार आणि शेवटचा घाव त्यामुळेच वर्मी लागत असणार. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत त्यांच्या या लेखनावर बंदी आली. पुढे फ्रान्झ फॅनन यांनी 1961 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ही कविता समग्र घेऊन तिच्यावर विवेचन केले.

1950 च्या दशकाच्या प्रारंभी पॅरिसमध्येच फोदेबा यांनी आफ्रिकन कलावंतांचा संच उभा केला. ‘आफ्रिकन बॅले’ या नावाने तो युरोप, अमेरिका फिरला. 1959 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचे प्रयोग झाले. बॅले हे नाव दिशाभूल करणारे आहे. त्यात गाव होते, कापणी होती, लग्न होते, कथा सांगणारा होता, ढोल होते. आपल्याकडील भाषेत लोकनाट्यच. ही खरी आफ्रिका नव्हे, गावात नाच रात्रभर चालतो आणि तुम्ही तो दहा मिनिटांत आटोपता, असा आक्षेप आला. फोदेबा यांनी 1957 साली एका लेखात त्याला उत्तर दिले. गावात पाहणारा आणि नाचणारा असा भेद नसतो. रंगमंचावर तो येतो, तेव्हा रूप बदललेच पाहिजे, लांबी कमी केलीच पाहिजे, आणि अस्सलपणा म्हणजे एका विशिष्ट काळात गोठलेली वस्तू नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेत नाटके बसवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा विचार लक्षात ठेवावा. चार तासांचे कथन चाळीस मिनिटांत आणताना काय टाकायचे हे ज्याला ठरवता येत नाही, त्याने कथेवर निष्ठा आहे असे म्हणू नये.

आता या चरित्राचा उत्तरार्ध. 28 सप्टेंबर 1958 च्या सार्वमतात गिनीने फ्रान्सच्या छत्राखाली राहण्यास नकार दिला आणि 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. अहमद सेकू तुरे अध्यक्ष झाले. शाळेतल्या निकृष्ट जेवणाविरुद्ध आंदोलन केले म्हणून विद्यार्थिदशेत शाळेतून काढले गेलेले, कामगार चळवळीतून वर आलेले असे हे नेते. फोदेबा त्यांचे गृहमंत्री. नव्या देशाला राष्ट्रगीत हवे होते. लाबेचा राजा आल्फा याया याच्या स्तुतीची जुनी जेली-धून त्यासाठी घेण्यात आली आणि तिची मांडणी फोदेबा यांनी केली. आफ्रिकन बॅले हा देशाचा राष्ट्रीय संच झाला. जेलींनी दरबार सोडून राज्याच्या पगारावर यावे, प्रत्येक प्रांताने आपला नाट्य-नृत्यसंच उभारून स्पर्धेत उतरावे, असे धोरण आले. एखाद्या स्वतंत्र देशाने लोककलेवर इतका खर्च आणि इतका जीव लावल्याची उदाहरणे थोडी आहेत.

मात्र त्याच काळात, 1959 ते 1961 च्या दरम्यान, दक्षिणेकडील अरण्यप्रदेशात सरकारने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नावाखाली मोहीम चालवली. देवरायांतील दीक्षाविधी बंद पाडले, पवित्र मुखवटे चव्हाट्यावर आणले, जाळले. तेच मुखवटे राजधानीतील रंगमंचावर कला म्हणून नाचत होते. अंधश्रद्धेविरुद्ध लढणे आम्हांस परके नाही. पण ती लढाई माणसाला समजावून करायची असते. पोलिसांकरवी माणसाचा देव हिसकावून तोच नाटकाच्या सामानात ठेवणे, याला प्रबोधन म्हणता येत नाही. गृहखाते त्या वेळी फोदेबा यांचे होते.

1960 साली इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी सुंजाताची महाकथा फ्रेंच गद्यात प्रसिद्ध केली. सिगिरी परिसरातील जेलिबा कोरो या गावचे जेली ममादू कुयाते यांच्या तोंडून त्यांनी ती ऐकली होती. आज जगातील विद्यापीठांत ही कथा शिकवली जाते ती मुख्यतः या पुस्तकामुळे. 1961 च्या अखेरीस गिनीच्या शिक्षक संघटनेने पगार आणि शिक्षणव्यवस्था यांबद्दल तक्रारी मांडल्या, तेव्हा सरकारने त्याला कट ठरवले. विद्यार्थी रस्त्यावर आले. शिक्षकांना कैदेत टाकण्यात आले. त्यांत नियान होते. संरक्षण आणि सुरक्षा यांची सूत्रे त्या वेळी फोदेबा यांच्या हाती होती. एका शिक्षकाने, जो स्वतः सिगिरीचा, स्वतः केइता, सुंजाताची कथा लिहिणाऱ्या शिक्षकाला तुरुंगात जाताना पाहिले. त्यांच्या मनात काय आले असेल हे सांगायला कोणी जेली नाही, आणि आम्ही त्यांच्या वतीने सबब शोधणार नाही.

कोनाक्रीमध्ये प्रजासत्ताक रक्षकदलाची एक छावणी होती. 1960 च्या दशकाच्या प्रारंभी तिच्यात राजकीय कैद्यांसाठी कोठड्या बांधल्या गेल्या. हे काम फोदेबा यांच्या खात्याखाली झाले. 1969 च्या प्रारंभी लाबे येथील सैनिकांचा कट उघडकीस आल्याचे जाहीर झाले. कैद्यांना नेत असताना बोइरो नावाचा पोलीस अधिकारी मारला गेला. त्याचे नाव त्या छावणीस मिळाले. याच कटात सामील असल्याच्या आरोपावरून फोदेबा यांना पकडण्यात आले आणि त्याच कोठड्यांत टाकण्यात आले. न्यायालयात खटला चालला नाही. मे 1969 मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अठ्ठेचाळीस. अन्न आणि पाणी दोन्ही बंद करून कैद्याला मरू देण्याची रीत बोइरोत होती. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली 1977 साली तेथे तसेच मेले. बोइरोत संपलेल्या अनेकांचे देह त्यांच्या घरच्यांना कधीच मिळाले नाहीत. 1984 साली सेकू तुरे वारले आणि त्यानंतर सैन्याने सत्ता घेतली, तेव्हा कुठे ती छावणी रिकामी झाली.

या आयुष्यातून मुलांना काय द्यावे, असा प्रश्न पालक विचारतील. आम्ही तरी पूर्वार्ध सांगून थांबत नाही. मोठ्या वर्गांतील मुलांना उत्तरार्धही सांगतो, आणि कोणाची बाजू घ्यावी हे त्यांच्यावर सोपवतो. लहान मुलांसाठी मात्र सुंजाताच पुरेसा आहे. ज्यांना आपल्या शाळेत ही कथा उभी करायची असेल त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. नेपथ्याची गरज नाही. एक घोंगडी, एक काठी आणि एखादे तालवाद्य पुरते. सुंजाताची भूमिका सर्वांत धिप्पाड मुलाला देऊ नये. सोगोलोनचे काम करणाऱ्या मुलीला भरपूर वेळ द्यावा, कारण पहिला अर्धा भाग तिचा आहे. आणि जेली एकटा ठेवू नये. मांदे देशात महाकथा सांगताना जेलीजवळ एक जण बसलेला असतो. प्रत्येक ओळीनंतर तो नामू म्हणतो. म्हणजे होय, ऐकतो आहे, खरे आहे. आपल्या शाहिराच्या मागे झीलकरी जी जी रं जी म्हणतात, तसेच. पाठांतर न जमणारी, मंचावर जायला लाजणारी जेवढी मुले असतील, त्या सर्वांना नामूच्या ओळीत बसवावे. जेली चुकला तर थांबण्याचा अधिकारही त्यांचाच असतो : त्यांनी नामू म्हटल्याशिवाय पुढची ओळ येत नाही.